मैदानात समुद्राचा आकडा

धुळा, तुझ्या दहाव्याला कावळा शिवेना तेव्हा मला आधी हसू आलं, हे तुला सांगून टाकतो. माणमधल्या तुझ्या गावात कावळ्यांची टंचाई कधीच नव्हती. पाण्याची होती, चाऱ्याची होती, त्या गावात लेक द्यायला तयार असलेल्या बापांची होती, पण कावळे भरपूर. तरी त्या सकाळी लिंबाच्या फांदीवर तिघे-चौघे बसून राहिले आणि खाली उतरेनात. तुझा थोरला भाऊ मायाप्पा पिंडासमोर हात जोडून उभा होता. म्हणाला, "धुळा, सुमनला काय कमी पडू देणार न्हाई." कावळे हलले नाहीत. म्हणाला, "पोरीचं शिकशान थांबणार न्हाई." तरी नाही. "बिरोबाला तुज्या नावानं घोंगडं चढवीन." एका कावळ्याने मान वाकडी केली, तेवढंच.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तुझा कॉलेजपासूनचा दोस्त, त्यात धंद्याने बोलका. पुढे झालो, मैदानात लावतो तो आवाज लावला आणि म्हणालो, "धुळा, तुझ्या जत्रेच्या मैदानात समुद्राचा आकडा दर साली पुकारला जाईल." वाक्य पुरतं व्हायच्या आत कावळा खाली आला आणि भातात चोच घालून मोकळा झाला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. म्हातारे एकमेकांकडे बघून माना डोलवू लागले. आणि मला तुझा आवाज अगदी कानाशी ऐकू आला: "जाल्या, एका कावळ्यावरनं काय ठरवू नगंस. पुढची ईस वर्सं कावळं मोज, मग बोल."

दिवाळीला आलास आणि परत गेलाच नाहीस. त्याला आता दोन महिने होऊन गेले. मला शोकसभेतलं बोलता येत नाही. मला येतं ते कुस्तीच्या मैदानातलं बोलणं, हातात माईक घेऊन, दोन पैलवान मातीत असताना. कडेगावच्या आमच्या उसाच्या घराण्यात एक तर फौजेत जायचं किंवा कारखान्याच्या राजकारणात, आणि मी निघालो निवेदक. तू मेंढपाळाच्या घरात जन्मलास आणि निघालास समुद्र मोजणारा. कोकणच्या किनाऱ्यावरच्या त्या संशोधन केंद्रात तू उभं आयुष्य काढलंस. पाणी किती ऊन, किती खारं, किती वर चढलं, हे टिपत. दोघांच्याही बापांनी आपापल्या देवाला विचारलं असेल, आमचं काय चुकलं म्हणून.

साताऱ्याच्या वसतिगृहात तू पहिल्यांदा दिसलास तो नळाखाली ओंजळ धरून. एका नळाचं पाणी तोंडात घेतलंस, जिभेवर फिरवलंस, थुंकलास, मग दुसऱ्या नळाकडे गेलास. मी विचारलं, "काय रं, सरबत लागतंय का?" तू अगदी गंभीरपणे म्हणालास, "ह्याच्यात क्षार जादा हाय. तिकडचं पी." मला वाटलं, खोलीला वेडा जोडीदार मिळाला, आता तीन वर्षं करमणुकीची ददात नाही. माझा अंदाज एवढा बरोबर क्वचितच आला.

ती जीभ कुठून आली, ते तू त्याच आठवड्यात सांगितलंस. ती गोष्ट मी पुढे इतक्या ठिकाणी इतक्या परींनी सांगितली की शेवटी तूच मला विचारायचास, "तवा बकरं दोन हुतं का तीन?" आज तुझ्या पद्धतीने सांगतो, मीठ-मसाला न लावता.

तुझा बाप दरसाल दिवाळीनंतर मेंढरं घेऊन पाटणवरून घाट उतरायचा आणि कोकणात खाडीकाठच्या शेतांत खतासाठी कळप बसवायचा. तू लहान होतास. पहिल्यांदा समुद्र बघितलास आणि तुला वाटलं, देवाने मेंढपाळांची सोय केली आहे. माणमध्ये मेंढरांना आधी मीठ चारायचं, मग तहान लागली की पाण्यावर न्यायचं, ही दोन वेगवेगळी कामं. इथे तर मीठ आणि पाणी एकत्रच. बाप जेवून आडवा झाल्यावर तू अख्खा कळप घेऊन थेट लाटांवर गेलास. मेंढरं पाण्याला तोंड लावून मागे सरली आणि तुझ्याकडे अशी बघायला लागली की, तू म्हणायचास, आयुष्यात पुढे कुठल्याच साहेबाने मला तितकं लाजवलं नाही. एका बोकडाला लाटेने आडवा पाडला. तो त्यानंतर कधीच तुझ्या हाकेला आला नाही.

आता कळप तहानलेला आणि बाप उठायच्या बेतात. मग तू खाडीच्या काठाने वर निघालास. दर थोड्या अंतरावर पाणी चाखायचास, थुंकायचास, पुढे जायचास. खारट, खारट, कमी खारट, मचूळ, आणि मग एका आंब्याच्या झाडाखाली गोडं. मेंढरं प्यायली. दुसऱ्या दिवशी मोठ्या रुबाबात बापाला त्याच जागी घेऊन गेलास, तर पाणी खारट. बापाने मुस्काटात मारली. तू रडत रडत आणखी वर गेलास, चाखत, आणि गोडं जिथे लागलं तिथे काठावर मेंढरांच्या जाळीची, वाघरीची, एक मेख ठोकलीस. पुढच्या साली कळप त्याच खाडीला आला तेव्हा मेख तिथेच होती आणि गोडं पाणी मेखेच्या थोडं वर सरकलेलं होतं. तू दुसरी मेख ठोकलीस. का, ते तुलाही सांगता येत नव्हतं. म्हणाला होतास, "न्हाई ठोकली तर पुढल्या साली कसं कळणार?"

धुळा, तुझं पुढचं सगळं शिक्षण, त्या पदव्या, केंद्रातली ती नोकरी, हे सगळं मला नेहमी त्या दुसऱ्या मेखेवरची भर वाटत आलं. पहिली मेख कुणीही ठोकील. राग आला म्हणून, मार बसला म्हणून. दुसरी ठोकायला वेगळा माणूस लागतो.

आपलं भांडणही तिथूनच सुरू झालं आणि ते अजून मिटलेलं नाही. माझं म्हणणं साधं होतं. इतकी वर्षं इतकी माणसं समुद्रात यंत्रं सोडतात, बोटी घेऊन फिरतात, खांब रोवतात, तर लोकांना दाखवण्यासारखं काहीतरी हाती लागायला नको? मी विचारायचो, "निकाल कधी?" तू म्हणायचास, "तुजी कुस्ती निकाली लागती, जाल्या. माजी लागत न्हाई."

"मग लोकांनी थांबायचं कशाला?"

"थांबू नये. घरी जावं, जेवावं, झोपावं. फकस्त मैदान मोडू नये."

मग तू त्या खाडीकाठच्या गावाची गोष्ट काढायचास. तुझ्या मेखा वर वर सरकत गेल्या. पुढे केंद्राला पाणी मोजायची कायमची जागा हवी होती तेव्हा तू तीच खाडी सुचवलीस आणि तिथे रीतसर खांब उभा राहिला. मागची वर्षं आणि पुढची वर्षं शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं, की खारं पाणी गावाच्या विहिरीकडे चाललंय. अजून लांब आहे, पण चाललंय. गावाने वेळेत बांध उंच केला. विहीर गोडी राहिली. आणि त्या गावात आज एकाही माणसाला तुझं नाव ठाऊक नाही. मला हे सहन व्हायचं नाही. मी म्हणायचो, तिथे दगड तरी लाव नावाचा. तू हसायचास. "विहीर खारी झाली आसती तर बातमी झाली आसती. गोडी ऱ्हायली ह्याची कसली बातमी?"

मी निवेदक आहे रे. जी कुस्ती झालीच नाही, ती मी पुकारायची कशी? तुझं अर्धं काम तसलंच होतं. न बुडालेली बोट, न खारावलेली विहीर, न मेलेलं कोकरू. मला त्याला टाळी घेता यायची नाही, म्हणून मी चिडायचो. आणि तुला टाळी नकोच असायची, म्हणून आणखी चिडायचो.

मध्ये एकदा तुमच्या मोजणीवर गदा यायची वेळ आली होती. कुणीतरी मोठा माणूस केंद्रावर आला आणि विचारून गेला, इतकी वर्षं मोजलंत, अजून किती मोजणार? तू काय उत्तर दिलंस ते मला फोनवर सांगितलंस. म्हणाला होतास, "साहेब, माझा भाऊ रोज दिवस मावळताना मेंढरं वाघरीत घालतो. त्याला कुणी विचारत नाही, अजून किती दिवस." मोजणी चालू राहिली. तुझ्या त्या वाक्याने राहिली असं मी सगळीकडे सांगतो आणि तू सगळीकडे ते खोडून काढायचास.

आता मैदानाचं. तो माझा सगळ्यात मोठा खोडसाळपणा आणि त्याचा मला भयंकर अभिमान आहे. तुझ्या गावची बिरोबाची जत्रा, पौषातली. मायाप्पाच्या ओळखीने निवेदनाचं काम दरसाल माझ्याकडे, आणि तू रजा काढून पहिल्या रांगेत. त्या साली मोठ्या जोडीतला एक पैलवान आलाच नव्हता, गाडी कुठेतरी बंद पडली होती. मैदान भरलेलं, हलगीवाला दमलेला, लोक शिट्ट्या मारायला लागलेले. वेळ काढायची होती. माझी नजर तुझ्यावर गेली. तुला कळलं. तू मान हलवलीस, नको नको. मी माईक तोंडाला लावला.

"मंडळी, शांत व्हा. आता समुद्राची बातमी. आपल्या गावचे सुपुत्र समुद्राच्या अंगाला हात लावून ताप बघतात. आज समुद्राचा ताप किती, ते त्यांच्याच तोंडून."

दोघांनी तुला उचलून आखाड्यात आणला. तू एका दमात आकडा सांगितलास आणि पळायला लागलास. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "म्हंजी गरम म्हणायचं का गार?"

तू थांबलास. खोटं बोलणं तुला जमलंच नाही कधी. म्हणालास, "आत्ता न्हाई सांगता येत. धा-ईस वर्सांनी इचारा."

मैदान इतकं हसलं की बिरोबाच्या देवळावरची कबुतरं उडाली. मायाप्पा मात्र उठून गेला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "जालिंदरराव, भावाचं हसं करू नगासा." मी त्याला समजवायला गेलो, त्याने ऐकून घेतलं नाही. पण लोकांना चटक लागली. पुढच्या जत्रेला मोठ्या कुस्तीच्या आधी पोरंच ओरडायला लागली, समुद्राचं सांगा म्हणून. तू आकडा सांगायचास, मी त्याला पैलवानासारखा मिरवायचो, कुणीतरी विचारायचं गरम का गार, तू म्हणायचास धा-ईस वर्सांनी इचारा, आणि मैदान हसायचं. असं बरीच वर्षं चाललं.

आणि मग ती जत्रा. तू आकडा सांगितलास आणि कुडाला टेकून बसलेला एक म्हातारा, तोंडात तंबाखू, आजूबाजूच्यांना म्हणाला, "गेल्या साली कमी सांगितलं हुतं. त्येच्या आदल्या साली आनि कमी." तू ऐकलंस. कुस्ती संपेपर्यंत तू जागेवर बसू शकला नाहीस. मैदान उठल्यावर मला मिठी मारलीस, गुलालाने भरलेल्या अंगाने, आणि म्हणालास, "जाल्या, तू गंमत करता करता मेखा ठोकल्यास की रं." मी म्हणालो, मग मीच भांडण जिंकलो. लोकांना सांगितलं म्हणून त्यांच्या ध्यानात राहिलं. तू म्हणालास, न्हाई, दरसाल सांगितलंस म्हणून ऱ्हायलं. भांडण बरोबरीत सुटलं. मी ते पुन्हा लावायचा बेत केला होता, यंदाच्या जत्रेला.

तुझी एकच तक्रार मी ऐकली, तीही हसत हसत केलेली. मायाप्पा तुला दरसाल फोन करायचा. पाऊस येणार का, वारं सुटणार का, कोकरं कुठं न्यावी. तू सगळी माहिती बघून, हवामानवाल्यांचे इशारे वाचून, जेवढं ठाऊक तेवढंच सांगायचास आणि तो तुझ्या शब्दावर कळप हलवायचा. पण तू म्हणायचास, "दादा मला कदी इचारत न्हाई, आज समिंदर किती हाय? पाऊस पायजे त्याला. माजं काम न्हाई पायजे." मी म्हणालो, त्याला लाज वाटते तुझ्या कामाची. तू म्हणालास, "लाज न्हाई. त्याला वाटतं, भाऊ हुशार हाय म्हणून बरोबर सांगतो. त्याला वाटतं समदं माज्या डोक्यात हाय." आणि जरा थांबून म्हणालास, "तसं आसतं तर माज्यासंगं जाईल की समदं."

हे वाक्य मी तेव्हा चहाबरोबर गिळून टाकलं.

तेराव्यानंतर सुमनवहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, हे घरी आले की फरशीवर वाळू व्हायची. पायताणातनं, खिशातनं. झाडू झाडू वैताग आलेला. आता क्वार्टरवर जाऊन आले, तर केरात वाळू न्हाई."

आता मार्गशीर्षातलं सांगतो. हे तुला सांगायचंय म्हणूनच लिहायला बसलो.

मायाप्पाचा कळप यंदा कोकणात गेला नाही. तू नाहीस म्हणून त्याला घाट उतरवेना. ऊस तुटून गेलेल्या माझ्या रानात त्याने वाघर लावली. मेंढ्या नुकत्या व्यायला लागल्या होत्या, रानभर कोकरं उड्या मारत होती. दुपारची वेळ, आभाळ स्वच्छ. मायाप्पाचा फोन वाजला. अनोळखी नंबर त्याला चालत नाही, म्हणून माझ्या हातात दिला. मी आवाज मोठा करून मध्ये धरला.

"मायाप्पामामा आहेत का? मी तांडेल बोलतेय, धुळाजींच्या केंद्रावरून."

तांडेल मॅडम. तुझ्या हाताखाली शिकायला आली आणि तुझ्या शब्दांत, बघता बघता डोक्यावर जाऊन बसली ती कोळ्यांची लेक. म्हणाली, समुद्रात कमी दाबाचा पट्टा झालाय, हवामानवाल्यांचा इशारा आलाय, पाणी या दिवसांत असतं त्याहून गरम आहे, उद्या संध्याकाळपासून तुमच्याकडे पाऊस आणि बोचरं वारं येईल, कोकरं आडोशाला घ्या.

मायाप्पाने वर बघितलं. "आभाळ तर धुतल्यावानी हाय, बाई."

"आज आहे, मामा."

"नुकती व्यालेली मेंढी उगा हलिवली तर कोकराला पाजत न्हाई. ठावं हाय का तुमास्नी?"

"ते तुम्हाला जास्त ठाऊक. मला समुद्राचं ठाऊक आहे, ते सांगतेय."

"धुळाचा फोन आसता तर गोष्ट येगळी." त्याने तोंड फिरवलं. मी मध्ये पडलो. उभ्या जन्मात कमावलेला सगळा आवाज लावला. उघड्यावर मरणारी कोकरं, बोचरं वारं, बुडणारं घर, सगळं डोळ्यांसमोर उभं केलं. मायाप्पाने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "आवं, तुमी बरोबरीतली कुस्ती बी रंगवून सांगता. तुमच्यावर कसा इस्वास ठेवायचा?"

धुळा, मी इतका हरलो कधीच नव्हतो. त्याच्यासाठी तो नुसता कळप नव्हता. घर त्यावर, तुझ्या पोरीच्या शिक्षणाचा शब्द त्यावर. हलवून दूध आटलं तरी नुकसान, न हलवून पाऊस आला तर सर्वनाश. आणि त्याला दोन्हीतलं एक निवडायला लागत होतं ते एका परक्या बाईच्या बोलण्यावर.

तेवढ्यात ती म्हणाली, "मामा, मी मेखेपासून बोलतेय. जरा वारा लागतोय, ऐकू येतंय ना?"

मायाप्पा वळला. "कुठनं?"

"मेखेपासून. खाडीत मोजायचा खांब आहे ना, तिथून."

"मेख कशाला म्हंतीस?"

"सगळे तेच म्हणतात इथे. मी आले तेव्हापासून तेच ऐकतेय. आता तर यंत्र बसलंय त्यावर, आपोआप मोजतं. तरी मी रोज एकदा येते बघायला. धुळाजी यायचे तसं."

मायाप्पाने माझ्या हातातून फोन घेतला. उलटा धरला, मग सुलटा. विचारलं, "आंब्याचं झाड हाय का तितं?"

"होतं म्हणतात. आता खुंट आहे."

बापाने तुला मुस्काटात मारलेली बहुधा त्यानेही बघितली असावी. तो तुझ्याहून मोठा, तिथेच असणार. मग म्हणाला, "बरं पोरी. हलिवतो." फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून ओरडला, "बगताय काय, आडोसा कुठं हाय?"

आडोसा म्हणजे माझी बेदाण्याची शेड. द्राक्षं सुकवायला अजून वेळ होता, शेड रिकामी होती, पण चारी बाजूंनी उघडी. गावातल्या मांडववाल्याला उठवून आणला आणि होते नव्हते ते पडदे चहूकडून बांधले. त्यामुळे तुझ्या भावाची कोकरं जरीच्या झालरीमागे उभी राहिली आणि दारावर 'वऱ्हाडी मंडळींचे स्वागत' अशी पाटी राहिली. मायाप्पाला वाचता येत नाही, म्हणून त्याने काढायला लावली नाही. मला येतं, म्हणून मीही काढली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ऊन होतं. मायाप्पा शेडच्या दारात बसून आभाळाकडे बघत होता आणि माझ्याशी बोलत नव्हता. दुपार कलली तसं पश्चिमेकडून भरून आलं. मग पाऊस आला, त्याच्यामागून वारं, आणि दोन दिवस दोघे थांबले नाहीत. लांबच्या रानांत उघड्यावर असलेल्या कळपांचे हाल झाले, ते ऐकवत नव्हतं. आमची दोन कोकरं गेली. मायाप्पा म्हणतो, ती आधीच अशक्त होती. दोन-चार मेंढ्यांनी पाजणं सोडलं, त्यांची कोकरं त्याने बाटलीवर जगवली. एकही गेलं नाही असं लिहून गोष्ट देखणी करायचा मला मोह झाला होता, पण तू वाचतोयस.

आणि तुझा आक्षेपही मला पाठ आहे. एका मेखेने पाऊस सांगितला नाही. त्या मेखेसारख्या कितीतरी खुणा, समुद्रभर तरंगणारी यंत्रं, आभाळातले उपग्रह, त्यांनी बघितलेलं खरं की खोटं ते पाण्यात हात घालून ताडून बघणारी माणसं, देशोदेशीची, त्यातली कितीतरी तुझ्यासारखीच गेलेली. या सगळ्यांच्या वर्षानुवर्षांच्या कंटाळवाण्या कामावर तो इशारा उभा होता. या दिवसांत पाणी किती ऊन असायला हवं, हे मागची वर्षं कुणी मोजली नसती तर तांडेल मॅडमला कळलंच नसतं. कबूल. लिहिलं. पण मायाप्पाला हलवलं ते मेखेनेच, हे तूही कबूल कर.

जत्रा परवा झाली. मायाप्पा पहिल्या रांगेत बसला, तुझ्या जागेच्या शेजारी. सुतक केव्हाच संपलेलं, तरी कपाळाला गुलाल लावून घेतला नाही. तुझी जागा कुणी घेतली नव्हती. कुणी सांगितलं नव्हतं, पण घेतली नव्हती.

मोठी कुस्ती आली. दर साली याच्या आधी मी तुझ्याकडे वळायचो. कावळ्यासमोर शब्द दिलेला होता, माईक हातात होता, आणि माझी मान वळेना. आकडा सांगणं हे आपलं दोघांचं नाटक होतं. एकट्याने ते कसं करायचं, ते मला ठाऊक नव्हतं. मी सरळ पैलवानांची नावं पुकारायला लागलो.

मायाप्पा उठून उभा राहिला.

"आवं माईकवालं, समिंदराचं ऱ्हायलं की."

मागून दोघे-चौघे म्हणाले, "व्हय, ऱ्हायलं." मग सगळीकडून तेच. हलगी थांबली. मी माईकमध्ये खरं तेच बोललो, की मायाप्पा, माझ्याकडे यंदा आकडा नाही.

"माज्याकडं हाय," तो म्हणाला आणि आखाड्याची माती ओलांडून माझ्याकडे यायला लागला. त्याने उभ्या आयुष्यात माईक धरला नव्हता. कोकराची मान धरतात तसा त्याने तो दोन बोटांत अलगद धरला.

"सकाळी पोरीला फोन लावला हुता," तो म्हणाला. "इचारलं, आज समिंदर किती हाय?"

मग त्याने आकडा सांगितला. सत्तावीस आणि वर थोडं. 'वर थोडं' त्याने दोनदा सांगितलं, कारण तिने त्याला बजावून सांगितलं असणार.

मग मागून कुणीतरी, नेहमीसारखं, विचारलं, "म्हंजी गरम म्हणायचं का गार?"

मायाप्पाने तुझ्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि माईक तोंडाजवळ आणला.

"आत्ता न्हाई सांगता येत," तो म्हणाला. "धा-ईस वर्सांनी इचारा. कुनीतरी सांगंल."

या वेळी कुणी हसलं नाही, धुळा. लोकांनी नुसत्या माना हलवल्या, ठरलेलं काम ठरल्याप्रमाणे झाल्यासारख्या. मायाप्पाने माईक माझ्या हातात दिला, जागेवर जाऊन बसला, आणि हलगी पुन्हा वाजायला लागली.